सहा बेचाळीस तीनशे

वकिलाने फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली, तिच्या माथ्यावर एक आडवी टाकली आणि बोटांवरचा खडू झटकत मागे वळून म्हणाला, "हं, एकेकाने बेरीज सांगायची. आधी टायपिस्ट."

"मीच का आधी?"

"बायकांना मान आधी."

"मग ताईला दे की तो. मला नको असला मान."

टायपिस्ट पहिल्या बाकावर आडवी बसली होती. बाक पहिली-दुसरीतल्या मुलांचे. मोठ्या माणसाने नीट बसायचं म्हटलं तर गुडघे हनुवटीला लागत, म्हणून तिने पाय सरळ वाटेत पसरले होते. शाळेला सुट्टी होती. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी बदक काढून त्याखाली 'पुसू नये' असं लिहून ठेवलं होतं. वकिलाने आपला ताळेबंद बदकाला धक्का न लावता त्याच्या शेजारी आखला होता.

पहिला पेपर सुटून पंधरा मिनिटं झाली होती, दुसऱ्याला पाऊण तास होता. वीज कार्यालयातले हे चौघं खात्याची लेखा परीक्षा द्यायला आले होते. प्रश्नपत्रिकासुद्धा उत्तरपत्रिकांबरोबर परत घेतल्या होत्या, त्यामुळे आता जे काही उरलं होतं ते ज्याच्या त्याच्या डोक्यात, आणि डोकी तर पहिल्याच प्रश्नाने पिळून काढलेली. चाळीस मार्कांचा एकच प्रश्न. दीड पान भरून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, तिच्याखाली अकरा सूचना, आणि त्या सगळ्या गुंत्यातून ताळेबंद काढायचा. दोन्ही बाजूंची बेरीज एक आली तर श्वास घ्यायचा, नाही आली तर पुन्हा वरपासून.

"सहा बेचाळीस तीनशे," टायपिस्ट म्हणाली.

वकिलाचा खडू हवेतच थांबला. "सहा लाख बेचाळीस हजार तीनशे?"

"मग काय, सहा रुपये बेचाळीस पैसे?"

"अगं, माझंही तेच आहे." वकील खरोखरच सुखावला. बिलांच्या खिडकीवर बसून तो रोज येणाऱ्या-जाणाऱ्याशी वाद घाली, गिऱ्हाईक नसलं की सहकाऱ्यांशी. म्हणून त्याचं नाव वकील. कुणाशी त्याचं जुळलंय असं फार क्वचित घडे. "आणि तुझं रे?"

मीटरवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून धुळकट काचांमागचे आकडे टिपणारा माणूस. बोलण्याची त्याला फारशी सवय नव्हती. त्याने एकदा बदकाकडे पाहिलं.

"तेच. सहा बेचाळीस तीनशे."

"झालं तर मग." वकिलाने फळ्यावर दोन्ही बाजूंना आकडा मांडला आणि खाली दुहेरी रेघ ओढली. "आता पेपर काढणाऱ्यानेच आपलं उत्तर आपल्याकडून तपासून घ्यावं. ताई, तुमचं सांगा म्हणजे डबे उघडू."

ताई खिडकीपाशी उभी होती. डब्याच्या रुमालाची गाठ तिने अर्धी सोडली होती. ती तिने पुन्हा बांधली.

"सहा पंचेचाळीस नऊशे," ती म्हणाली.

व्हरांड्यातल्या नळाचं टपटपणं तेवढं ऐकू आलं.

"दोन्हीकडे?" टायपिस्टने विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग झालं ना. जुळलंय ते महत्त्वाचं."

"चुकूनही जुळतो कधीकधी," वकील म्हणाला. "दोन्ही बाजूंना सारखीच चूक झाली की—" टायपिस्टने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने वाक्य तिथेच गिळलं. मग हळू आवाजात जोडलं, "पायऱ्यांचे मार्क देतातच म्हणा."

ताईची ही तिसरी वेळ होती, आणि चौथी मिळणार नव्हती. नियमच तसा. अकरा वर्षं ती आवक-जावकच्या टेबलावर होती. आलेल्या कागदाला शिक्का, गेलेल्या कागदाला शिक्का, मधे टपालाच्या तिकिटांची वही. ते टेबल आता बंद होणार होतं. लेखा परीक्षा पास झाली तर त्याच इमारतीत एक जिना वर. नाही झाली तर दूरच्या उपकेंद्रावर, जाऊन-येऊन चार तासांचा रस्ता. घर कार्यालयापासून दहा मिनिटांवर होतं. घरात आई होती, आणि आईच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागत. त्यांतला एक भर दुपारी. आईचे हात थरथरत. तिने स्वतः घालायचं म्हटलं की थेंब कपाळावर पडे, गालावर पडे, डोळा कोरडाच राही. जी काही नजर उरली आहे ती या थेंबांवर आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वर्षं ताई जेवणाच्या सुट्टीत पळत घरी जाई, आईच्या मिटल्या पापणीवर बोट ठेवून उभी राही, मनातल्या मनात शंभर मोजी, आणि पळत परत येई. आज शेजारणीला सांगून आली होती. शेजारीण किती दिवस येणार?

पण ते सगळं नंतरचं. आत्ता तिला खुपत होतं ते वेगळंच होतं. फळ्यावरचा तो आकडा तिच्या ओळखीचा होता.

"त्या यंत्राचा घसारा किती धरलात तुम्ही?" तिने विचारलं.

"कुठलं यंत्र?"

"बहात्तर हजारांचं. वर्षाच्या मध्यावर घेतलेलं. तेरजेत यंत्रांच्या पुढे कंसात लिहिलं होतं."

"नव्हतं असं काही," वकील म्हणाला. "कंस मी सगळे वाचले. दहा टक्के घसारा म्हणजे दहा टक्के घसारा. वर्षाचा."

"मला तर आठवतच नाही बाई," टायपिस्ट म्हणाली. "मला यंत्रंच आठवत नाहीत. त्या दीड पानात हत्ती असता तरी मला दिसला नसता."

मीटरवाला खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

ताईने डोळे मिटून ते पान समोर आणायचा प्रयत्न केला. कंस दिसला. मग दिसेनासा झाला. गेल्या दोन महिन्यांत तिने सरावाचे साठ ताळेबंद सोडवले होते, आणि जवळजवळ प्रत्येकात असलं एखादं यंत्र होतं, वर्षाच्या मध्यावर घेतलेलं. आजच्या कागदावर होतं की गेल्या रविवारच्या? तिघांना दिसलं नाही ते तिला एकटीलाच कसं दिसलं?

"माझंही आधी तेच आलं होतं," ती म्हणाली. "सहा बेचाळीस तीनशे. दोन्ही बाजू जुळल्या होत्या. शेवटच्या दहा मिनिटांत खोडलं मी ते."

टायपिस्टचा हात डब्याच्या झाकणावर होता तो तसाच राहिला. "खोडलंस?"

"पट्टी लावून."

वकील बाकावर बसला, आणि बाक केवढा आहे हे विसरून बसला, त्यामुळे जवळजवळ जमिनीवरच गेला. टायपिस्टने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मीटरवाला नाडी हातात धरून मान वर न करता तसाच वाकून राहिला. ताईला वाटलं, कीव करतायत. मागच्या वेळीही असंच झालं होतं. शेवटच्या घटकेला बरोबर उत्तर खोडून तिने चुकीचं लिहिलं, आणि चार मार्कांनी राहिली. तेव्हा याच तिघांनी तिला चहा पाजला होता आणि कुणीही परीक्षेचं नाव काढलं नव्हतं.

"जेवून घ्या तुम्ही," ती म्हणाली. "मी पाणी आणते."

नळांची रांग व्हरांड्याच्या टोकाला होती, तीही लहान मुलांच्या उंचीची. ताई वाकली. बाटली भरली, पालथी केली, पुन्हा भरली. मग बाटली बाजूला ठेवून तिने नुसतेच हात नळाखाली धरले. पाणी मनगटावरून वाहत राहिलं. अकरा वर्षं शिक्के मारून उजव्या अंगठ्याच्या कडेला जांभळी रेघ उमटली होती. ती काही कशाने जात नसे.

मागे बुटांचा आवाज झाला.

"ताई, ते यंत्र होतं."

मीटरवाला दोन नळ सोडून उभा होता. तिने पाणी बंद केलं नाही.

"कंसात होतं," तो म्हणाला. "वर्षाच्या मध्यावर. मी वाचलं होतं. अर्ध्याच वर्षाचा घसारा धरला होता मी. माझं सहा पंचेचाळीस नऊशे आलं होतं."

आता तिने नळ बंद केला. "मग आत काय सांगितलंस?"

"आत सांगितलं ते नंतर लिहिलं. आधी तुमचंच होतं." तो थांबला. "म्हणजे आधी माझं होतं. नंतर तुमचं लिहिलं. आणि आता तुमचं—" त्याने हाताने हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं. "तुम्ही गुणगुणता ना, ताई."

ताईने पदराला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

ती गुणगुणे, हे खरं होतं. आई शिवणकाम करी. रात्रंदिवस गुंड्या, हुक, वाव, इंच मोजी, आणि मोजता मोजता तिने स्वतःसाठी एक चाल बांधली होती. ताई लहानपणी मशीनच्या पायडलजवळ बसून तीच चाल शिकली, आणि बेरीज म्हटली की ती आपोआप ओठांवर येई:

सात नि पाच बारा, दोन ठेव दारा,
हातचा एक घेऊन चाल पुढल्या घरा.

एकंच्या घरातून दहंच्या, दहंच्या घरातून शतंच्या. प्रत्येक दारात एकेक आकडा ठेवत, हातचा हातात धरत, शेवटच्या घरी पोचलं की संपूर्ण आकडा एकदा गाऊन टाकायचा, म्हणजे तो हरवत नाही. आजही तिने तसाच गाऊन टाकला असणार. सहा लाख बेचाळीस हजार तीनशे. लगेचच पर्यवेक्षकबाई बाकाशी येऊन म्हणाल्या होत्या, "गाणं घरी म्हणा." ताई शरमली होती. त्यानंतर तिने ओठ घट्ट मिटले, आणि कंसातलं यंत्र सापडल्यावर जी काही खाडाखोड केली, नवी बेरीज केली, ती सगळी मुक्याने.

"तुमची बेरीज ऐकली आणि माझी पाहिली," मीटरवाला सांगत होता. "तीन हजार सहाशेचा फरक. शोधत बसलो. घसाऱ्याचा निम्मा निघाला. म्हटलं, ताईंनी पूर्ण वर्षाचा धरलाय. ताईंनी धरलाय म्हणजे तसंच असणार. माझा खोडून टाकला."

"अरे, पण मी दोनदा नापास झालेली बाई."

"परीक्षेत," तो म्हणाला. "टपालाची वही अकरा वर्षांत एका तिकिटाने चुकलेली मी ऐकली नाही."

ताईने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

ते वर्गात परतले तेव्हा टायपिस्ट आणि वकील एकमेकांशी खालच्या आवाजात भांडत होते, आणि दोघांना पाहताच गप्प झाले.

"काय चाललंय?" मीटरवाल्याने विचारलं.

"काही नाही," वकील म्हणाला.

"काही नाही कसं," टायपिस्ट उसळली. "हा मला म्हणतो, तू ताईचं ऐकून लिहिलंस. मी म्हटलं, तुला कसं कळलं? तर गप्प. अगं ताई, मी तुझ्या मागेच बसले होते. मला शेवटपर्यंत पोचताच आलं नव्हतं. माझी डावी बाजू एका गावाला, उजवी दुसऱ्या. तेवढ्यात तुझा आकडा आला कानावर, देवासारखा. मी दोन्हीकडे तो लिहून टाकला आणि खाली पट्टीने दुहेरी रेघ मारली. त्या उत्तरात ती रेघ तेवढी माझी स्वतःची आहे."

"आणि हे वकीलसाहेब?" मीटरवाल्याने विचारलं.

"माझं जवळपास जुळलं होतं," वकील ताठ मानेने म्हणाला.

"किती जवळपास?"

"अकरा हजार."

"मग अकरा हजारांचं काय केलंस?"

वकिलाने कोटाची बाही झटकली. त्याच्या अंगात कोट नव्हता, सदरा होता. पण झटकण्याची रीत कोटाची होती. "किरकोळ खर्चात टाकले."

टायपिस्टने तोंडावर हात ठेवला. "अकरा हजार किरकोळ? त्या दुकानात काय रोज बारशी होती का?"

"मग तू ऐकलंस तेव्हा ते देवासारखं, आणि मी ऐकलं तेव्हा किरकोळ?"

"आणि तू कधी ऐकलंस?" तिने मीटरवाल्याकडे मोर्चा वळवला. "तू तर तिकडे पलीकडच्या रांगेत होतास."

"ऐकू आलं," तो म्हणाला. मग नळाशी सांगितलेलं त्याने पुन्हा एकदा सांगितलं, अगदी थोडक्यात. यंत्र होतं. कंस होता. अर्धं वर्ष.

वकील उठला, फळ्याजवळ गेला. बराच वेळ त्याने ती दुहेरी रेघ न्याहाळली, आणि या वेळी त्याच्या आवाजात वाद नव्हता.

"म्हणजे आपण तिघं नव्हतोच," तो म्हणाला. "ताई एकट्याच होत्या, तीन वेळा."

त्याने सदऱ्याच्या बाहीने आकडा पुसला. बदक राहिलं.

ताई बाकावर बसली. गुडघे हनुवटीला लागले तरी तिला ते कळलं नाही. आधी तिच्या खांद्यांना काहीतरी झालं, आणि टायपिस्ट घाईने तिच्याकडे आली तेव्हा दिसलं की ती हसत होती. आवाज नव्हता त्या हसण्याला. नुसतं अंग हलत होतं, झाडाच्या फांदीवरून मोठा पक्षी उडाल्यावर फांदी हलत राहते तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत होती, आणि अंगठ्यावरची जांभळी रेघ गालाला लागत होती.

"रडतेस काय, वेडे," टायपिस्ट म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "तुझं बरोबर आहे. आमचं बघ."

"तुमचे दोन-तीनच मार्क जातील," ताई हुंदका आवरत म्हणाली. "पायऱ्या बरोबर असतील तर. तू बाकीचे प्रश्न सगळे सोडवलेस ना?"

"सोडवले."

"मग काही होत नाही. आणि तुम्ही?" तिने वकिलाला विचारलं.

"मी सगळे सोडवले. एकात परीक्षकाला टीपही लिहिली आहे, की प्रश्नच संदिग्ध आहे."

"लिहिणारच तू," टायपिस्ट म्हणाली.

डबे उघडले. चौघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. वकिलाने टायपिस्टच्या डब्यातलं सगळ्यांत जास्त खाल्लं आणि मीठ कमी असल्याचंही सांगितलं. पेपराचं कुणी बोललं नाही, पण ते न बोलणं मागच्या वेळेसारखं नव्हतं. ताईला भूक लागली होती. सकाळपासून ती किती उपाशी आहे हे तिला आत्ता कळत होतं. दुसरा पेपर तिला कधी जड गेला नव्हता. दोन्ही वेळा तिने त्यात चांगले मार्क घेतले होते. घोडं अडायचं ते या पहिल्यापाशी, या एका ताळेबंदापाशी. तिने घास तोडला, खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात ऊन पडलं होतं. झोपाळ्याची एक साखळी दुसरीपेक्षा आखूड होती आणि तो वाऱ्यावर एका कुशीवर झुलत होता.

मीटरवाला डबा धुवायला निघाला तेव्हा तीही मागोमाग गेली.

"तुझं बरोबर होतं रे," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यामुळे तू—"

"नाही, ताई." त्याने डबा विसळला, पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं. "मीटर आपणच वाचायचा असतो. काच धुळकट असली तर पुसून वाचायचा. शेजाऱ्याला विचारून आकडा टाकला तर वरच्या साहेबाला नाही कळत. पण आपल्याला कळतं." त्याने डब्याला झाकण लावलं. "मी कधी नाही टाकला तसा. आजच टाकला."

हे तो इतक्या सहज बोलला की ताईला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तो वयाने फार लहानही नव्हता, आणि तिच्या हातात ओला डबा होता.

घंटा झाली.

परीक्षेच्या वर्गात चौघांचे बाक सकाळचेच होते. ताई भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर, तिच्यामागे टायपिस्ट, डाव्या हाताला वकील. पलीकडच्या रांगेतल्या बाकाशी मीटरवाला उभा होता, बसत नव्हता. पर्यवेक्षकबाई जवळ आल्या.

"या बाकात पाय मावत नाहीत, बाई," तो म्हणाला. "सकाळी वळ आले. तो मागचा मोठा बाक मोकळा आहे, तिथे बसू का?"

मागचा बाक वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, खिडकीखाली. बाईंनी त्याचे पाय पाहिले, यादी पाहिली, मान हलवली. त्याने पेन, पट्टी, ओळखपत्र उचललं आणि तो ताईच्या बाकाजवळून मागे निघून गेला.

ताईने मान खाली घातली. क्षणभर तिला लागलं. लहानपणी खेळता खेळता कुणी हात सोडून दुसऱ्या रांगेत जाऊन उभं राहिलं की जसं लागे, तसं. वकिलाने मागे वळून पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण प्रश्नपत्रिका आल्या.

पेपर अवघड नव्हता. पहिले दोन प्रश्न लिहिण्याचे होते, तिसरा आकड्यांचा. ताई आकड्यांपाशी पोचली तेव्हा तास उलटला होता. तिने उभी रेघ ओढली, रकाने भरले, आणि खालून वर चढू लागली. नऊ नि आठ सतरा. ओठ हलायला लागल्याचं तिला कळलंही नाही. मागून पट्टीचं टोक हळूच पाठीला टोचलं.

"जरा स्पष्ट म्हण की," टायपिस्ट कुजबुजली.

ताईने ओठ मिटले. पाठ ताठ केली. हातचा एक तिने बोटाच्या पेरावर धरून ठेवला, आणि तशीच, मुकाट, पुढल्या घरी गेली. मागे टायपिस्टने एक सुस्कारा सोडला. मग थोड्या वेळाने तिच्या पेनाचा आवाज येऊ लागला. थांबत, अडखळत, पण येऊ लागला.

दोन्ही बाजू जुळल्या. ताईने दुहेरी रेघ ओढली, पुन्हा एकदा वरपासून खाली सगळे कंस वाचले, आणि मान मोकळी करायला मागे वळून पाहिलं.

वर्गाच्या त्या टोकाला मीटरवाला कागदावर इतका वाकला होता की त्याच्या कपाळाची सावली आकड्यांवर पडली होती. डाव्या हाताची बोटं बाकावर एकामागून एक टेकत होती. मग ती थांबली. त्याने पट्टी घेतली, रेघ ओढली, तिच्याखाली अजून एक ओढली, पेन खाली ठेवलं आणि डोकं वर केलं.

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. इकडे त्याने पाहिलं नाही.

ताईने पान उलटलं.